मानस

आमच्या चोडणात मानस म्हणजे मन नव्हे.
खाजनाच्या बांधात बसवलेलं लाकडी दार ते.
भरती आली की पाण्यानंच मिटतं,
ओहोटीला पाण्यानंच उघडतं.
आत शेत, बाहेर खारी न्हंय,
मधे चिखलाचा बांध, आणि बांधावर रोज
कुणीतरी चालत जायला हवं.
कुर्लीनं पाडलेलं भोक आज बोटाएवढं असतं,
पुनवेच्या भरतीला त्यातून बैल जाईल.

हे मला ठाऊक होतं, पण शेताबाबत.

पस्तीस वर्षं सर्वे कचेरीत
एक-चौदाच्या उताऱ्यावर माणसांची नावं लिहिली,
बापाची, आज्याची, कुळाची.
एक वेलांटी चुकली तर भाऊ भावाला कोर्टात ओढायचा,
म्हणून चुकू दिली नाही.
आणि चवथीनंतरच्या एका सकाळी
मानशीवर सेवेरिननं जाळं ओतलं,
मी एक मासा उचलला,
चंदेरी, बोथट तोंडाचा, लहानपणापासून खाल्लेला,
आणि नाव येईना.

सेवेरिन हसला. मीही हसलो.
घरी पोचेपर्यंत पाय गार.

पणजीची डॉक्टरीण, माझ्या धाकटीएवढी,
कागदावर लिहीत गेली:
चाला. माणसांत बसा. पुरतं झोपा.
दाबाची गोळी चुकवू नका.
कपाटातलं कानाचं यंत्र कानात घाला.
जड जाईल असं काहीतरी नवीन शिका.
आणि मीठ कमी.
मीठ!
बापानं उभा जन्म मिठागरात काढला, बाई,
माझं रक्तच तिथे वाळत घातलेलं.
ती म्हणाली, म्हणूनच.

तर आता पदेराचा भोंपू वाजण्याआधी बांधावर.
सेवेरिन पुढे, मी मागे,
दिसेल त्या भोकात दोघे चिखल कोंबतो.
यंत्र घातल्यापासून कळलं
की सेवेरिन चालताना सतत बोलत असतो;
चार वर्षं मला वाटायचं,
किती शांत माणूस.

नवीन म्हणून त्याच्याकडून रोमी शिकतोय.
त्याच्या आईची प्रार्थनेची वही, पानं पिवळी.
एक्स दिसला की श म्हणायचं!
घरचीच बोली, पण पाहुण्याचे कपडे घालून
दारात उभी; ओळखायला वेळ लागतो.
एका ओळीला पाव तास.
कपाळ दुखतं, तसे
पहिल्यांदा पोहलेल्या दिवशी दंड दुखले होते.
शालन म्हणते, निदान शब्दकोडं सोडवा.
शब्दकोडं मला येतं, शालन.
येतं ते कशाला करू?

दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली.
आमटीत मीठ कमी, सोलं जास्त.
रात्री अंथरुणात दिवस उलटा आठवतो,
जेवणापासून मागे, चहापर्यंत, बांधापर्यंत.
मधे एखादा तुकडा गळतो.
पूर्वी घाबरायचो. आता तिथे खूण करून ठेवतो,
सकाळी चिखल भरायचा म्हणून.

हे सगळं करून भरती थांबते असं नाही.
सेवेरिनचा थोरला भाऊ रोज चालायचा,
तरी शेवटी बायकोला आई म्हणायला लागला.
त्याबद्दल आम्ही बांधावर बोलत नाही,
फक्त त्या वळणावर
सेवेरिनचं बोलणं थांबतं. आता ऐकू येतं ते.

काल पणजीहून बाजार करून येत होतो.
रायबंदरहून फेरी सुटली,
मी कठड्याला टेकून पिशवीत बघत होतो, कशाचाही विचार नाही,
आणि पाण्यात काहीतरी चंदेरी उसळलं.
"शेवटो!"
ओरडलोच मी. दोन महिन्यांनी आलं नाव,
दार आपलं आपण उघडल्यासारखं.
साखळीजवळचा पोरगा दचकला, म्हणाला,
"शेवट कसला, काका? अजून अर्धी न्हंय बाकी."

घरी धावतच गेलो. शालनला सांगितलं,
शेवटो, शेवटो गं!
तिनं पिशवी उलटी केली, झटकली.
"आणि कोथिंबीर?"

असो. उद्या पुन्हा फेरी.
तेवढंच चालणं होईल.